संध्याकाळचे सात ते साडेआठ

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे आणि साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, लिहायचे किंवा एकमेकांशी बोलायचे, असे गावाने ठरवले. करोनाच्या काळात शाळाच पडद्यावर आली होती आणि वर्ग पुन्हा भरू लागल्यावरही मुलांची पडद्यापुढची बैठक मोडेना, हे शिक्षकांच्या आणि पालकांच्या लक्षात आले होते. सुरुवातीला अनेकांना हे जमणार नाही असे वाटले. तेव्हा ग्रामपंचायतीचे कर्मचारी, आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन लोकांची समजूत घालत राहिले. या गावाचे देशभर कौतुक झाले, पण ते बहुतेक भोंग्याचे झाले. मला त्या नियमातली दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. तो नियम एकट्या मुलांना लागू केलेला नव्हता, तो सगळ्या घराला लागू होता.

मुले आणि टीव्ही या विषयावर आपल्याकडे गेली चाळीस वर्षे लिहिले आणि बोलले जात आहे, आणि त्यातला मोठा भाग ‘मुले काय पाहतात’ या प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे. मारामारी किती, शिव्या किती, अंगविक्षेप किती, सासवा-सुनांची कारस्थाने किती, याची मोजदाद आपण करत आलो. हा प्रश्न खोटा नाही. पण टीव्हीचा मुलावर होणारा सर्वांत खोल परिणाम पडद्यावर काय दिसते यावर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक तो पडदा चालू असताना घरात काय घडायचे राहून जाते यावर अवलंबून असतो, असे माझे मत आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर मुलाला दम देऊन मिळणार नाही. ते मोठ्या माणसांच्या संध्याकाळीत शोधावे लागेल.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा टीव्ही ही दिवसातल्या काही तासांची आणि चाळीतल्या किंवा वाड्यातल्या एखाद्याच घरची वस्तू होती. शेजारच्यांच्या घरी जमिनीवर दाटीवाटीने बसून पाहिलेले कार्यक्रम त्या पिढीला आठवतात, कारण त्यांना सुरुवात होती आणि शेवट होता. कार्यक्रम संपला की मुले उठून अंगणात जात आणि पाहिलेल्या गोष्टीचा खेळ करत. १९९० नंतर केबल आली, १९९५ मध्ये मुलांसाठी दिवसभर चालणारी व्यंगपटांची पहिली वाहिनी भारतात दिसू लागली, आणि १९९९ व २००० या दोन वर्षांत लागोपाठ खासगी मराठी वाहिन्या सुरू होऊन संध्याकाळी रोज भेटणाऱ्या मालिकांची सवय मराठी घरांना लागली. यातला महत्त्वाचा बदल कार्यक्रमांच्या दर्जाचा नव्हता. टीव्हीला असलेला शेवट नाहीसा झाला, हा खरा बदल होता. पाहण्यासाठी लावायचा टीव्ही हळूहळू चालूच ठेवायचा टीव्ही झाला. घरात शिरल्यावर दिवा लावावा तसा तो लावला जाऊ लागला, आणि कोणी पाहत असो वा नसो, रात्री जेवणे आटोपेपर्यंत तो बोलत राहू लागला.

आशयाबद्दलच्या चिंतेला आधार नव्हता असे मी म्हणणार नाही. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेले बाहुलीचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. मोठ्या माणसाने एका फुगवलेल्या बाहुलीला मारताना पाहिलेली मुले संधी मिळताच तशीच, त्याच हावभावांनी, त्या बाहुलीला मारू लागली, आणि तेच दृश्य चित्रफितीवर दाखवले तरीही परिणाम तसाच दिसला. आपल्याकडे १९९७ मध्ये दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झाली, तेव्हा मुले नायकासारख्या उड्या मारायला जातील अशी भीती घरोघर बोलली जात होती आणि अशा अपघातांच्या बातम्यांवरून मोठा वादही झाला. मालिकेतूनच मुलांना ‘असे करू नका’ म्हणून सांगावे लागले. लहान मूल अनुकरणातूनच शिकते, आणि कोणाचे अनुकरण करावे हे त्याला कळत नाही. तेव्हा काय दाखवावे यावर समाजाने लक्ष ठेवलेच पाहिजे. पण समजा उद्या पडद्यावरची सगळी हिंसा, सगळा उथळपणा निघून गेला आणि चोवीस तास केवळ सुसंस्कृत, ज्ञानवर्धक कार्यक्रम सुरू झाले, तर दीड वर्षाच्या मुलाला दिवसाचे चार तास त्यापुढे बसवणे योग्य ठरेल का? माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याचे कारण मूल भाषा कशी शिकते यात आहे.

पॅट्रिशिया कूल या संशोधिकेने २००३ मध्ये सिअॅटल येथे केलेला एक प्रयोग मला या सगळ्या चर्चेत मूलभूत वाटतो. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना तिने बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. काही बाळांपुढे चिनी बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसली, पुस्तक वाचत, खेळणी दाखवत, त्यांच्या डोळ्यांत पाहत बोलली. दुसऱ्या काही बाळांना त्याच व्यक्तींचे तेच बोलणे टीव्हीवर दाखवले. ज्यांच्यापुढे माणूस होता ती बाळे इंग्रजीत नसलेले चिनी ध्वनी ओळखू लागली. ज्यांच्यापुढे पडदा होता ती काहीच शिकली नाहीत, चिनी कधीही न ऐकलेल्या बाळांइतकीच ती कोरी राहिली. शब्द तेच होते, आवाज तोच होता, चेहराही तोच होता. फरक एवढाच की पडद्यावरचा चेहरा बाळाच्या हुंकाराला उत्तर देत नव्हता. आपली आजी तान्ह्या बाळाशी ‘हो का गं? आणखी काय झालं?’ असे तासन्‌तास बोलते, तेव्हा ती जे करत असते ते आजवर कोणत्याही वाहिनीला जमलेले नाही. बाळाने ‘अं’ म्हटले की ती थांबते, ऐकते, त्याच्या आवाजाला अर्थ देते आणि तो अर्थ त्याला परत करते. बोलण्याची ही देवाणघेवाण, हा पाळीपाळीने चालणारा खेळ, म्हणजेच भाषेचे पहिले शिक्षण होय.

आता हीच आजी मालिका पाहत असेल तर काय होते, याचेही मोजमाप झाले आहे. अमेरिकेत दिमित्री ख्रिस्ताकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन महिने ते चार वर्षे वयाच्या तीनशेहून अधिक मुलांच्या अंगावर लहानशी ध्वनिमुद्रण यंत्रे लावून त्यांच्या कानी दिवसभर काय पडते हे नोंदवले. घरात टीव्हीचा आवाज ऐकू येत असलेल्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानी पडणारे मोठ्या माणसांचे शब्द सरासरी ७७० ने कमी भरले, आणि मुलाचे स्वतःचे हुंकार-बोबडे बोलही कमी झाले. येथे टीव्ही मूल पाहत होते की नाही हा प्रश्नच नव्हता. तो केवळ खोलीत चालू होता. शेकडो शब्द एका तासाला, आणि असे तास रोज किती, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या घरापुरता करून पाहावा. मी तो केला आहे. माझी मुलगी लहान असताना कामावरून आल्यावर मी बातम्या लावत असे, आणि ती मांडीवर बसलेली असल्यामुळे आपण तिला वेळ देत आहोत अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती काहीतरी दाखवत असे, मी ‘हं’ म्हणत असे. त्या ‘हं’ ची आज मला खंत वाटते.

लक्ष न लागण्याच्या तक्रारीबद्दलही येथे थोडे सांगितले पाहिजे, कारण पालकांच्या मनात तीच भीती सर्वांत मोठी असते. याच ख्रिस्ताकिस यांच्या २००४ मधील अभ्यासात पहिल्या तीन वर्षांतले टीव्ही पाहणे आणि सातव्या वर्षी एकाग्रतेच्या अडचणी यांचा संबंध आढळला होता आणि त्यावर जगभर मथळे झाले. पुढे इतर संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा घरची गरिबी आणि आईचे शिक्षण यांचा विचार केल्यावर तो संबंध बराच क्षीण झाला. म्हणून टीव्हीमुळे मुलाचा मेंदू बिघडतो अशी घाबरवणारी विधाने मी करणार नाही. संवाद कमी होण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती कोणालाही आपल्या घरात उघड्या कानांनी तपासता येते.

टीव्ही कशाची जागा घेतो, हा प्रश्न मोठ्या पटावर पाहण्याची एक दुर्मीळ संधी कॅनडात मिळाली होती. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या एका गावात दरीतल्या जागेमुळे १९७३ पर्यंत टीव्हीचे प्रक्षेपण पोचतच नव्हते, आणि ते पोचणार असे कळल्यावर टॅनिस मॅकबेथ विल्यम्स यांच्या गटाने आधी आणि दोन वर्षांनी नंतर त्या गावाचा अभ्यास केला. तुलनेसाठी टीव्ही आधीपासून असलेली दोन गावे घेतली. टीव्ही येण्यापूर्वी त्या गावातली मुले वाचनात आणि एखाद्या साध्या वस्तूचे अनेक उपयोग सुचवण्याच्या चाचणीत इतर दोन गावांच्या पुढे होती. दोन वर्षांत ती आघाडी ओसरली. शाळेच्या मैदानावर मुलांमधली आक्रमकता वाढलेली आढळली, आणि मोठ्या माणसांचे गावातल्या सामूहिक कार्यक्रमांना जाणे कमी झाले. मला यातला शेवटचा निष्कर्ष विसरता येत नाही. तिथे मुलांचे जे झाले ते मोठ्यांचे जे झाले त्याच्या शेजारी ठेवून वाचावे लागते. गावातली माणसे एकत्र जमायची कमी झाली, आणि त्याच दोन वर्षांत त्या गावातल्या मुलांची कल्पकता इतरांच्या पातळीवर आली.

येथवर वाचून कोणी म्हणेल की मग टीव्ही फेकूनच द्यावा. पण याच प्रश्नावरचे काही प्रामाणिक पुरावे उलट दिशेने बोलतात, आणि ते बाजूला ठेवून केलेला युक्तिवाद लंगडा ठरेल. मॅथ्यू गेंट्झकाउ आणि जेसी शापिरो या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये अमेरिकेच्या जुन्या आकडेवारीचा एक कसोशीचा अभ्यास प्रसिद्ध केला. टीव्ही वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळ्या वर्षी पोचला होता. त्या फरकाचा उपयोग करून त्यांनी बालवयात टीव्ही मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांचे पुढचे शालेय गुण तपासले. टीव्हीमुळे गुण घसरल्याचे त्यांना आढळले नाही; उलट ज्या घरांत इंग्रजी ही मुख्य भाषा नव्हती आणि ज्या घरांतल्या आया कमी शिकलेल्या होत्या, त्या मुलांना काहीसा फायदाच झालेला दिसला. १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या बालकार्यक्रमाबद्दलही असाच अभ्यास आहे: ज्या भागांत त्याचे प्रक्षेपण स्वच्छ दिसत होते, तिथली मुले पुढे वयाला साजेशा इयत्तेत असण्याचे प्रमाण अधिक राहिले. आणि भारतापुरते बोलायचे तर रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू आणि दिल्ली येथील ग्रामीण कुटुंबांचा अभ्यास करून २००९ मध्ये दाखवले की गावात केबल आल्यावर बायकांना मारहाण करणे योग्य मानण्याचे प्रमाण घटले, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला, आणि लहान मुलांची शाळेतली नावनोंदणी वाढल्याचीही चिन्हे दिसली. ज्या मालिकांना आपण सरसकट नावे ठेवतो, त्यांनी एखाद्या खेड्यातल्या बाईला घराबाहेर नोकरी करणारी, स्वतःचा निर्णय घेणारी दुसरी बाई दाखवली होती.

हे सगळे निष्कर्ष परस्परविरोधी दिसतात, पण टीव्हीने कशाची जागा घेतली हा प्रश्न विचारला की ते एका रांगेत येतात. ज्या मुलाच्या घरात शाळेची भाषा बोलली जात नव्हती, त्याला टीव्हीने ती ऐकवली. तिथे त्याने पोकळी भरली. ज्या कॅनडियन गावात मुले वाचत होती, हुंदडत होती आणि माणसे एकमेकांकडे जात होती, तिथे त्याने भरलेली जागा रिकामी केली. एकच यंत्र एका घरात खिडकी होते आणि दुसऱ्या घरात भिंत. म्हणून ‘टीव्ही चांगला की वाईट’ या शालेय निबंधाच्या प्रश्नात अडकण्याऐवजी आपल्या मराठी घरांत, आजच्या काळात, तो काय हटवून बसला आहे हे पाहायला हवे.

येथे गतकाळाच्या गोडव्यात शिरण्याचा मोह होतो. दिवेलागणीला शुभं करोति, मग पाढे, मग आजीच्या मांडीवर डोके ठेवून गोष्ट, असे चित्र आपण रंगवतो, आणि त्या चित्रात मुलांची आई कुठे असे हे सोयीस्करपणे विसरतो. ती चुलीपुढे असे, आणि रात्री सगळ्यांची पाने उचलेपर्यंत तिचा दिवस संपत नसे. तेव्हाही सगळ्याच घरांत मुलांशी कोणी बोलत बसत नव्हते. पण घरात, ओसरीवर, गल्लीत माणसे होती आणि बोलणे आपोआप कानावर पडत होते. लगोरी आणि लपंडाव खेळायला मोकळी जागा होती, आणि भांडण झाले तर ते सोडवणारे मोठे मूलही तिथेच होते. आज पुण्या-मुंबईच्या इमारतींत गाड्या उभ्या करण्याच्या जागेत चेंडू नेला की रखवालदार ओरडतो. आईवडील दोघे कामावरून सात-आठला परततात. पाळणाघरातून आणलेले मूल भुकेलेले, चिडलेले असते, आणि कुकर लावण्यासाठी आईला जो अर्धा तास हवा असतो तो तिला टीव्हीशिवाय दुसरे कोणीही देत नाही. त्या आईला ‘तू मुलाला टीव्हीपुढे का बसवतेस’ असे विचारणाऱ्याने आधी त्या घरातला पुरुष त्या अर्ध्या तासात काय करत होता हे विचारले पाहिजे.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचेही तसेच. सत्तरीतल्या ज्या बाईने आयुष्यभर इतरांच्या वेळेनुसार स्वतःचा दिवस बेतला, तिला संध्याकाळच्या मालिकांचे दोन तास ही पहिल्यांदा मिळालेली हक्काची विश्रांती आहे. नातवासाठी ती बंद कर असे सांगणे म्हणजे त्यागाचा जुनाच धडा पुन्हा तिलाच गिरवायला लावणे आहे. म्हणूनच मोहित्यांच्या वडगावचा नियम मला न्याय्य वाटतो. तो दीड तासाचा आहे आणि सगळ्यांना सारखा आहे. एका घरातल्या एकट्या बाईला जी शिस्त पाळणे अवघड जाते, ती शेजारच्या घरातूनही आवाज येत नसला की सोपी होते. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने दोन वर्षांखालील मुलांना पडदा अजिबात नको, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना जास्तीत जास्त एक तास आणि तोही मोठ्यांच्या देखरेखीत, असे सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही साधारण अशाच आहेत. या सूचना योग्य आहेत, पण एका खोलीच्या घरात, जिथे टीव्ही आणि पाळणा यांच्यात चार पावलांचे अंतर आहे, तिथे ‘मुलाला पडदा नको’ याचा अर्थ ‘घराला पडदा नको’ असाच होतो, आणि तो एकट्या पालकाच्या इच्छाशक्तीवर सोडून चालणार नाही.

जेवणाचा विषय यातून वेगळा काढता येत नाही. पडद्याशिवाय घास उतरत नाही अशी मुले आता अपवाद राहिलेली नाहीत. पडद्याकडे पाहत तोंड उघडणाऱ्या मुलाला भूक संपल्याचे कळत नाही, भाजीची चव कळत नाही, आणि ताटाभोवती होणारे बोलणेही त्याच्या वाट्याला येत नाही. कॅलिफोर्नियातल्या दोन प्राथमिक शाळांत टॉमस रॉबिन्सन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आहाराचे वा व्यायामाचे काहीही न शिकवता, एका शाळेतल्या तिसरी-चौथीच्या मुलांना केवळ टीव्ही कमी पाहायला शिकवले, तेवढ्याने त्यांच्या वजनाची वाढ दुसऱ्या शाळेतल्या मुलांपेक्षा आटोक्यात राहिली. जाहिरातींबाबत आपल्याकडे नियम आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वेफर्स, शीतपेये यांसारख्या पदार्थांच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमांत आणि मुलांच्या वाहिन्यांवर करता येत नाहीत. पण आपली मुले मुलांच्या वाहिन्यांपुरती थांबत नाहीत. ती आजीबरोबर मालिका पाहतात आणि बाबांबरोबर क्रिकेट, आणि तिथे त्या जाहिरातींना मोकळे रान आहे. नियम वाहिनीच्या प्रकारावर न बेतता वेळेवर बेतला, म्हणजे संध्याकाळच्या ठराविक तासांत अशा जाहिराती कोणत्याच वाहिनीवर नकोत असे केले, तरच त्याला अर्थ उरेल.

भाषेचा एक वेगळा पदर मराठी पालकांना अनेक वर्षे जाणवत आला आहे. चार-पाच वर्षांचे मराठी मूल खेळताना अचानक अस्खलित हिंदीत बोलू लागते, रागावताना, लाडीगोडी लावताना, बतावणी करताना हिंदी वाक्ये वापरते, कारण त्याच्या आवडीचे व्यंगपट त्याने हिंदीत पाहिलेले असतात. बांगलादेशात याच कारणावरून २०१३ मध्ये हिंदीत भाषांतरित केलेल्या ‘डोरेमॉन’ वर बंदी घालण्यात आली होती. मला बंदीचा मार्ग पटत नाही, आणि मुलाला आणखी एक भाषा येणे हे नुकसानही नाही. नऊ महिन्यांचे बाळ पडद्यावरून भाषा शिकत नसले तरी पाच वर्षांचे मूल शब्द आणि लकबी नक्कीच उचलते. काळजी वाटते ती याची की कल्पनेचा सगळा प्रदेश, म्हणजे राक्षस, जादू, साहस, खोडी हे सगळे त्याच्यासाठी हिंदीचे होते, आणि मराठी ‘हात धू’, ‘बूट काढ’, ‘अभ्यास कर’ एवढ्यापुरती उरते. ज्या भाषेत मुलाला फक्त हुकूम मिळतात त्या भाषेत ते पुढे स्वप्ने कशी पाहील? तमिळमध्ये मुलांसाठी स्वतंत्र वाहिनी २००७ मध्येच सुरू झाली होती; मराठी मुलांच्या वाट्याला मात्र दीर्घकाळ हिंदी ध्वनीच आला, आणि त्याबद्दल आपल्या भाषाप्रेमी समाजाने फारसा आवाज उठवला नाही.

वास्तविक महाराष्ट्राला या बाबतीत चांगली सुरुवात लाभली होती. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे देशातल्या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक टीव्ही पोचवण्याचा जो ऐतिहासिक प्रयोग झाला, त्यात सकाळचे प्रक्षेपण खास शाळकरी मुलांसाठी होते. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, पण त्यातून पुढे आलेल्या विचाराला धरून १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली. मुलांसाठी मराठीत कार्यक्रम तयार करणारी, स्वतःचे चित्रीकरणगृह असलेली ती शासकीय संस्था होती. पुढे तिची उपेक्षा होत गेली आणि अखेर ती बंद करण्यात आली. करोनाच्या काळात, जुलै २०२० मध्ये, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ सुरू झाली, तेव्हा टीव्हीचा एक निराळा उपयोग दिसला. घरातल्या वस्तू घेऊन घरच्या माणसांबरोबर काहीतरी करून पाहायचे, असा त्या मालिकेचा भर होता. म्हणजे कार्यक्रम संपल्यावर मुलाने पडद्यापासून उठावे अशी त्याची रचनाच होती. चांगल्या बालकार्यक्रमाची मी हीच कसोटी मानेन. पाहून झाल्यावर मूल आणखी पाहायला मागते की कात्री आणि कागद मागते? असे काम साथीच्या संकटाची वाट न पाहता नेहमी का होऊ नये, आणि ज्या राज्यात एवढी मोठी बालसाहित्याची परंपरा आहे तिथे त्यासाठी एक लहानशी कायम संस्था का असू नये, याचे उत्तर शिक्षण विभागाने दिले पाहिजे.

मात्र पडद्यावर काय असावे याची व्यवस्था करून निम्मेच काम होते. पडदा बंद झाल्यावर मुलाने जायचे कुठे, हे उरलेले निम्मे काम आहे. शहरांतल्या महापालिका शाळांची मैदाने संध्याकाळी कुलूप लावून रिकामी पडलेली असतात आणि शंभर पावलांवरच्या खोल्यांत मुले टीव्हीपुढे बसलेली असतात. ती कुलपे पाच ते आठ या वेळेत काढायला मोठा निधी लागत नाही; एक माणूस आणि एक दिवा लागतो. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली शासनाचे अनुदान घेणारी हजारो ग्रंथालये आहेत. त्यांतली अनेक संध्याकाळी उघडी असतात, पण तिथे मुलांना बसायला सतरंजी आणि कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवणारे माणूस नसते. निवृत्त शिक्षक प्रत्येक गावात आहेत. मी काही वर्षे शनिवारी असे वाचून दाखवण्याचे काम केले आहे, आणि जी मुले दहा मिनिटे स्वस्थ बसणार नाहीत असे मला सांगितले गेले होते ती मुले चाळीस मिनिटे बसली, मध्येमध्ये प्रश्न विचारत, पुढे काय होईल ते सांगत, एकमेकांना गप्प करत.

एका चिमुकल्या शेजाऱ्याची आठवण येथे सांगतो. सव्वातीन वर्षांच्या त्या मुलाला इंग्रजी आकडे, रंगांची नावे, वाहनांची गाणी सगळे तोंडपाठ होते, आणि आईवडिलांना त्याचा योग्य अभिमान होता. पण ‘आज काय जेवलास?’ असे विचारले की तो माझ्याकडे पाहत राही आणि थोड्या वेळाने एखादे गाणे म्हणू लागे. त्याला शब्द येत होते, उत्तर देणे येत नव्हते. डॉक्टरांनी तपासून काही दोष नसल्याचे सांगितले आणि घरातला टीव्ही दिवसा बंद ठेवून त्याच्याशी बोलत राहा, एवढाच सल्ला दिला. त्याच्या वडिलांनी संध्याकाळी त्याला घेऊन जिन्यात बसायला सुरुवात केली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी दोघे काहीतरी बोलत. तीन-चार महिन्यांनी एके संध्याकाळी मी दूध घेऊन वर येत होतो, तेव्हा त्यानेच मला थांबवून विचारले, ‘काका, पिशवीत काय आहे?’ त्या प्रश्नाने मला किती आनंद झाला हे सांगता येणार नाही.

म्हणून ज्या गावांना, ज्या वस्त्यांना आणि सोसायट्यांना वडगावच्या वाटेने जावेसे वाटते, त्यांनी भोंग्याबरोबर आणखी एक गोष्ट ठरावात लिहावी असा माझा आग्रह आहे. संध्याकाळी सात ते साडेआठ ही बहुतेक घरांत स्वयंपाकाची वेळ असते. पडदे बंद झाले आणि बाई भाकरी थापत राहिली, पुरुष पारावर जाऊन बसला, तर मुलाच्या वाट्याला शांतता येईल, बोलणे येणार नाही. त्या दीड तासात घरातल्या बापाने, काकाने किंवा आजोबांनी मुलाजवळ बसावे, त्याला दिवसभराचे विचारावे, त्याचे ऐकावे, आणि जमेल तर कणीक मळता मळता त्याला सोबत घ्यावे, असे ग्रामसभेच्या इतिवृत्तात स्पष्ट शब्दांत नोंदवले जावे, आणि घरोघर समजावायला जाणाऱ्या आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या बरोबर गावातले चार पुरुषही त्यासाठी फिरावेत.